सिद्धवटाची म्हणून छापलेली बाई

३ नोव्हें.
जुन्या उज्जैनच्या फोटोंचा ग्रुप. आज पुन्हा तेच. कुणीतरी पाण्याच्या टाकीचा फोटो टाकला, खाली "पहचानो तो जानें". पायरी दिसली की राम घाट, कळस दिसला की महाकाल. टाकीलासुद्धा एकाने महाकाल केलं. वीट आलाय. सुधा म्हणते, "एवढा त्रास होतो तर बाहेर पडा ना त्यातून." पडत नाही. चहाच्या आधी तेच उघडतो. रिटायर झालेल्या माणसाला राग यायला काहीतरी लागतं.

५ नोव्हें.
ग्रुपचा ॲडमिन तिवारीजी. (यापुढे नुसता 'ति.'; पूर्ण नाव लिहायच्या शाईचीही त्याची लायकी नाही.) फ्रीगंजातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह त्याला मिळाल्यात. रोज एक स्कॅन करून टाकतो आणि त्यावर लाल अक्षरांत स्वतःचं नाव. फोटो काढणारा केव्हाच मेला, नाव याचं. किळस येते.
आजचा फोटो: नदीच्या पायऱ्यांवर एक तरुण बाई, सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. मागे पंडा, म्हणजे घाटावरचा पुरोहित, कुणाला तरी गंध लावतोय. बाजूला एक छत्री, दगडी खांबांची घुमटी. जागा अज्ञात. आत्याला सहज दाखवला. तिने फोन हातात घेतला तो परत देईना.
"विनू, ही आई आहे."

६ नोव्हें.
लिहून ठेवतो, नाहीतर माझाच गोंधळ होईल. आत्या तीनेक वर्षांची असताना तिची आई गेली. घरात एक फोटो नाही. बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, सांगायचे: आईचा एकदाच फोटो निघाला, कार्तिकस्नानाला राम घाटावर, फ्रीगंजच्या फोटोग्राफरने काढला. तो घरी यायच्या आत ती गेली, आणि आजोबा काही तो आणायला गेले नाहीत.
म्हणजे सगळं जागेवर अवलंबून. राम घाट असेल तर ती असू शकते. दुसरीकडचा असेल तर नाही. आजी म्हणून मला तिच्याबद्दल काही वाटत नाही, खरं सांगायचं तर. पण आत्या ऐंशीच्या पुढे गेली, जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या मुली शिकवल्या, आणि स्वतःच्या आईचं तोंड तिला ठाऊक नाही. ग्रुपवर विचारलं. झक मारत.

७ नोव्हें.
ति.चा निकाल आला, आवाजी संदेशातून. घसा खाकरून, प्रवचनासारखा:
"देखिए भाईसाहब, पंडितजी का जनेऊ दाहिने कंधे पर है। यानी अपसव्य। यानी श्राद्ध। और उज्जैन में श्राद्ध यानी सिद्धवट। अब बाई का पल्ला देखिए, वो भी दाहिने कंधे पर। आपकी मराठी औरतें तो बायें पर लेती हैं। ये कोई मालवी सेठानी हैं।"
लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी लिहिलं, पंडितजी बायें हाथ से तिलक लगा रहे हैं, लेफ्टी हैं क्या. मग हसण्याच्या बाहुल्या.
माणूस कितीही नकोसा असला तरी मुद्दा बरोबर होता. मलाही पटला. आत्याला जाऊन सांगितलं, सिद्धवटाचा घाट आहे, आपली कुणी नाही. "अच्छा," म्हणाली. संध्याकाळी खिचडी तशीच ठेवली.

११ नोव्हें.
आज ओकारी यायची बाकी होती. त्या बाईला कंप्युटरकडून रंगवून घेतलंय. ओठ लाल, गाल गुलाबी, आणि ती हलते! पापण्या मिटते, दात काढून हसते, हात जोडते. खाली जय हो, जय हो. ज्या बाईचं नावही कुणाला माहीत नाही तिला हे लोक नाचवतात आणि त्याला इतिहासप्रेम म्हणतात.
सुधा म्हणाली आत्यांना दाखवू नका. पण शेजारच्या शर्माबाईंनी आधीच दाखवला होता. आत्या म्हणाली, "हिला बंद कर रे."

१४ नोव्हें.
पुण्याहून साडू आलेत, त्यांना घेऊन राम घाटावर. जायची इच्छा नव्हती. पाण्यावर फेस आणि प्लास्टिकच्या पिशव्या, काठावर रीलवाल्या पोरी, भोंग्यांवर एकाच वेळी दोन आरत्या. साडू म्हणतात, "काय पवित्र वाटतं नाही!"
तेवढ्यात एका पंड्याने न विचारता कपाळाला गंध फासलं. "बाबूजी, कल्याण हो." मी त्याचा हात झटकला, आणि झटकताना दिसलं की तो उजवा आहे.
अर्थात उजवा. डाव्या हाताने गंध कोण लावतं?
तिथेच फोन काढून ति.चा फोटो डावीकडून उजवीकडे उलटवला. जानवं डाव्या खांद्यावर आलं, पदर डाव्या खांद्यावर, गंधाचा हात उजवा. अपसव्य नाही, श्राद्ध नाही, सेठानी नाही. गाढवाने काच पालथी ठेवून स्कॅन केलीय! आणि आम्ही सगळे एवढे पंडित, की आधी जानव्यावरून श्राद्ध काढलं आणि श्राद्धावरून घाट. सव्य-अपसव्य न कळणाऱ्या एकाने त्याच दिवशी विचारलंही होतं, लेफ्टी हैं क्या, आणि सगळे हसले.
मग वर बघितलं. छत्री डाव्या हाताला, तिच्यापाशी पायऱ्या काटकोनात वळलेल्या, सुलट्या फोटोत आहेत तशाच. मी उभा होतो तिथून थोडं खाली ती बाई बसलेली. आता तिथे कपडे बदलायची पत्र्याची खोली आहे आणि तिच्यावर हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग. तरी जागा तीच. मला इतका आनंद झाला की साडूंना मिठीच मारली. त्यांना वाटलं, पावित्र्य चढलं.

१५ नोव्हें.
ति.ला फोन केला. काच पालथी स्कॅन झालीय ते सांगितलं. तो म्हणाला:
"अरे भाईसाहब, अब तो बैनर छप गए।"
रविवारी टाऊनहॉलमध्ये प्रदर्शन आहे म्हणे, कुणी मोठा पाहुणा येतोय. "सिद्धवट की दुर्लभ छवि".
"उल्टा हो या सीधा, है तो उज्जैन ही ना? पब्लिक को क्या फ़र्क पड़ता है?"
मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, सुधा कधीकधी ही वही वाचते. जेवून उठलो तर ग्रुपमधून काढलेलं होतं. बरं झालं. (तीनदा उघडून पाहिलं.)

१६ नोव्हें.
सुलटा फोटो फ्रीगंजात छापून आणला, चांगल्या कागदावर. वाटेत पेढेही घेतले. डावी भुवई जरा वर चढलेली, मास्तरणीसारखी रोखून बघणारी. थेट आत्या! सुधा तर दारातच म्हणाली, "अहो, ह्या तर आत्याच!"
आत्याने खिडकीशी नेऊन बघितला. बराच वेळ.
"ही कोण बाई?"
"तुझी आई. राम घाटच आहे तो."
जानवं सांगितलं, पदर सांगितला, काच सांगितली. ती ऐकत होती, गृहपाठ न केलेल्या मुलीचं ऐकावं तशी.
"तुझं सगळं बरोबर असेल विनू. पण ही नाही. पहिली होती ती दाखव."
पेढे सुधाने फ्रीजमध्ये ठेवले.

१८ नोव्हें.
सकाळी आत्या आरशासमोर वेणी घालत होती, मी औषध घेऊन मागे उभा. आरशात तिची वर चढलेली भुवई दुसऱ्याच बाजूला. गोळ्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो.
तिने स्वतःचं तोंड जन्मभर इथेच पाहिलं. लहानपणापासून बायका म्हणायच्या, पोर आईवर गेलीय. मग आई बघावीशी वाटली की ती इथे येऊन बघत असणार, दुसरीकडे होतंच काय? ति.च्या गाढवपणामुळे तिला तेच तोंड फोटोत सापडलं, आणि मी ते सरळ करून हिरावून घेतलं.
आम्हाला दिसते ती आत्या तिला माहीतच नाही. स्वतःचे फोटो तिला कधी आवडले नाहीत, "ही मी नाहीच" म्हणायची. आम्ही हसायचो.
रडू आलं. सुधाला सांगितलं.

२० नोव्हें.
आत्याला पहिला फोटो हवा. माझ्या फोनमधल्यावर ति.चं लाल नाव थेट बाईच्या मांडीवरून गेलंय. तसा छापणं शक्य नाही. स्वतः उलटा करून छापला असता तरी चाललं असतं, पण माझ्या सुलट्या प्रतीतून ते नाव मी खोडलंय आणि तिथे लुगड्याची पार वाट लागलीय. म्हणजे स्वच्छ प्रत ति.कडेच.
मागितली. त्याने पाठवली आणि वर लिहिलं, "आख़िर मान गए ना आप!" इतका नीच वाटलो स्वतःला. धन्यवाद लिहिलं.

२१ नोव्हें.
आत्याने फोटो उशीशी टेकवून ठेवलाय. जेवण नीट घेतलं. शर्माबाईंना बोलावून सांगितलं, "ये मेरी माँ हैं।" त्या म्हणाल्या, "हाँ, वो सिद्धवट वाली ना?" आत्या भडकली. "राम घाट! विनूने ढूंढा है।"
चुकीचा फोटो आणि बरोबर पत्ता. माझ्याच नावाने.

२३ नोव्हें.
आज म्हणाली, "मला तिथे ने. ती बसली होती त्या पायरीवर बसायचंय."
मी म्हटलं गर्दी असते, घाण असते, पायऱ्या निसरड्या आहेत. कशालाच ऐकत नाही. ऑटो सांगितलीय, उद्या सकाळची. सुधा सोबत येणार.
फोटो पिशवीत घालून ठेवलाय तिने. तिथे समोर धरून जुळवून बघणार म्हणते, छत्री कुठे, पायऱ्या कुठे वळतात. तिच्या फोटोत छत्री उजवीकडे आहे, घाटावर डावीकडे.
काय सांगू तिला?