तिसऱ्या खंडाच्या कडा

३ नोव्हेंबर १८२४
कादंबरी आज एडिंबऱ्यात बाहेर पडली. तीन खंड. सोळाव्या शतकातले इंग्लंडच्या सरहद्दीवरचे दरोडेखोर, त्यांचे घोडे, मधून मधून माझी कवनं. लेखकाचं नाव नाही. माझ्यासारख्या कोर्टाच्या क्लार्कनं कविता केल्या तर लोक चालवून घेतात, कादंबरी लिहिली तर हसतात. शिवाय नाव नसलं की जो तो विचारत सुटतो, हे कुणी लिहिलंय? तेवढा एक प्रश्न मला ऐकायचाय. त्यासाठी पाच वर्षं पहाटे पाचला उठलो. निदान उन्हाळ्यात.

संकल्प: तीस तारखेला स्कॉटलंडच्या संताचा, सेंट अँड्र्यूचा सण, त्याच्या जेवणापर्यंत ब्र काढायचा नाही. इफीजवळसुद्धा नाही. सख्खी बहीण असली तरी तिच्या पोटात काही राहत नाही.

५ नोव्हेंबर
ऑर्मिस्टनच्या पुस्तकांच्या दुकानात दोन संच आले. सहज चार वेळा त्या बाजूनं गेलो. पाचव्या खेपेला ऑर्मिस्टन म्हणाला, टर्नबुलसाहेब, काही हरवलंय का? म्हटलं, डॉक्टरांनी पावसात फिरायला सांगितलंय.

६ नोव्हेंबर
एक संच खपला. मीच घेतला. घेतला नसता तर संशय आला असता. पानांच्या कडा अजून जोडलेल्याच आहेत, वाचायचं तर सुरीनं कापायला हव्यात. पण मला कशाला, सगळं पाठ आहे.

९ नोव्हेंबर
दुसरा संच गावच्या वाचनमंडळानं घेतला. सात घरं, एका घरी एक खंड दोन दिवस, मग पुढच्या घरी. महिनाअखेर सगळ्यांचं वाचून होईल. पहिला मान पाद्री लॉरिमरांचा. रात्री झोप लागेना.

१४ नोव्हेंबर, रविवार
चर्चबाहेर लॉरिमरांना गाठलं. हवा झाली, बटाटे झाले, त्यांच्या बायकोची दाढ झाली. शेवटी मीच म्हटलं, कुठलंसं नवं पुस्तक आलंय म्हणे. ते म्हणाले, हो, जाड आहे. भारावले असणार. माणूस भारावला की त्याला शब्द सुचत नाहीत.

१८ नोव्हेंबर
इफीनं आपल्या संचातला पहिला खंड संपवला. सकाळी मी म्हटलं, ओटच्या लापशीत मीठ कमी आहे. तर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, त्या पुस्तकातली नायिकाही दर प्रकरणात हेच रडगाणं गाते. मी म्हटलं, त्या काळी मीठ मिळत नसे. थोडक्यात बचावलो. इतिहासाचा अभ्यास असा उपयोगी पडतो.

२३ नोव्हेंबर
जीव थाऱ्यावर नाही. मेंढीचोरीच्या खटल्यात आरोपी म्हणून माझ्या दरोडेखोराचं नाव लिहिलं. आमचे न्यायाधीश, शेरीफ, चष्म्यावरून बघत राहिले. खोडलं.

२६ नोव्हेंबर
अजून कुणीच विचारलं नाही. मी गेलो की बोलणारे गप्प होतात. म्हणजे लेखकाचा शोध जोरात चाललाय. ऑर्मिस्टनला जरा मदत केली. म्हटलं, लेखक कायद्यातला माणूस वाटतो, नाही? तो म्हणाला, वाटतो खरा, आणि सुतळी शोधायला आत गेला. बराच वेळ सापडली नसावी.

१ डिसेंबर, सकाळ
कालचं जेवण. मटण, हॅगिस, व्हिस्की. राजाच्या नावानं प्याले झाले, संताच्या नावानं झाले, सलगमाच्या पिकाच्या नावानंसुद्धा झाले. लेखकाची कुणाला आठवण नाही. शेवटी राहवेना. उभा राहिलो आणि म्हटलं, ती कादंबरी माझी आहे.

कुणी चमकलं नाही. लॉरिमर म्हणाले, बसा हो टर्नबुल, पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. तुमचा दरोडेखोर छाप्याआधी घोड्यावर बसून मृत्युपत्र करतो, वर दोन साक्षीदार बोलावतो. असं दुसरं कोण लिहिणार? पण तुम्हाला लपवायचं दिसत होतं, म्हणून मीच सगळ्यांना बजावलं, त्यांना काही विचारायचं नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग लॉरिमर म्हणाले, तिसरा खंड मात्र कळस. शेवट वाचताना डोळे भरून आले. ऑर्मिस्टन म्हणाला, माझेही. एकेक करून सगळ्यांचेच भरून आले होते. घरी आलो तर इफी म्हणाली, शेवट मी दोनदा वाचला. विचारलं नाही तर नाही, वाचलं तर खरं. दुसरी कादंबरी उद्यापासून. पहाटे पाचला.

२ डिसेंबर
आठला उठलो. दुसरीला हात घालण्याआधी पहिलीचा शेवट वाचावा म्हणून तिसरा खंड काढला. कडा कापलेल्या नाहीत. इफी फटीतून वाचत असेल, पहिल्यापासून काटकसरी आहे. स्वयंपाकघरातली सुरी आणली.

पान ४८ पर्यंत माझी कादंबरी. पुढं शेवटपर्यंत मेंढ्यांच्या खुरांचे रोग आणि त्यांवरचे उपाय. छापखान्यात भलतेच कागद शिवले गेलेत.

तसाच ऑर्मिस्टनकडे धावलो. मंडळाचा तिसरा खंड सातही घरं फिरून त्याच्या दुकानात ठेवायला परत आला होता. पुठ्ठ्यावर लॉरिमरांच्या घरच्या चहाचा डाग. आतली एकही कड कापलेली नाही. मी त्याच्यासमोर कापल्या. पान ४८. मग खुरं. ऑर्मिस्टन पुन्हा सुतळी शोधायला आत गेला.

घरी परत आलो. टेबलावर मी उघडा टाकलेला खंड इफीच्या हातात, लापशी गार. मला बघून बोट वर केलं, म्हणजे थांब, एवढं पान होऊ दे. खुराला डांबर कधी लावायचं ते वाचत होती. पान संपल्यावर म्हणाली, गिडियन, हे किती छान आहे, एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही.

मग तिनं विचारलं, हे कुणी लिहिलंय?