मैनेचा लगाम

गोरेगाव (पूर्व),
रामनवमी, १९८७

प्रिय दादा,

एकाच मुंबईत राहून ही पत्र कसलं लिहिते, असं म्हणत तू वहिनीला चष्मा शोधायला लावशील. लाव. रविवारी तू येऊन गेलास, तुझ्या अनंताच्या लग्नाचं आमंत्रण केलंस, वरातीसाठी मैनेला मागितलंस आणि मी नुसती मान हलवत चहा गाळत राहिले. मला तुझ्यासमोर अजून बोलता येत नाही. बाबा गेल्यापासून तू त्यांच्या जागी, म्हणून तू बोलायचं आणि मी ऐकायचं हे आपल्यात ठरूनच गेलंय. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते लिहिते. एक आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही. वरातीला मैना येणार. आता बाकीचं बस निवांत वाचत.

मैना घरात आली तेव्हा तू किती चिडला होतास ते आठवतंय ना? संपानंतर गिरणी पुन्हा उघडायची चिन्हं नव्हती, ह्यांनी वर्षभर मिळेल ते काम केलं, आणि मग एके दिवशी पांढरी घोडी लगामाला धरून दारात उभे. 'ह्यांनी' म्हणते ती सवय. ते असताना कधी नाव घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा अडखळायची. आता मुद्दाम घेते, कारण दुसरं कोणी घेत नाही. तर चंद्रप्रकाशांनी घोडी आणली. इथल्या स्टुडिओंना घोडी पुरवणाऱ्या एका माणसाकडे ती होती. पडद्यावर तिच्यावरून कोण कोण मिरवलं असेल देव जाणे, पण वय झालं तसं त्याने तिला काढायचं ठरवलं. बोरीवलीपासून अंधेरीपर्यंत लग्नसराईत घोडी मिळत नाही, आपलं बरं चालेल, हा ह्यांचा हिशोब. तू म्हणालास, कोकणातला माणूस, होडी घेतली असती तर समजलं असतं. त्यावर हे पोट धरून हसले होते.

खरं सांगू? मीही तुझ्याच बाजूची होते. मला तिची भीती वाटायची. एवढं मोठं जनावर, आणि डोळे असे की आपण काय विचार करतोय ते तिला कळतंय. म्हशींच्या तबेल्याच्या कोपऱ्यात दूधवाल्या भैय्याने जागा दिली होती, तिथे मी डबा घेऊन जायची आणि लांबूनच देऊन परत यायची. हे म्हणायचे, "अगो, ती नाय चावत. चावलीच तर तू चावशील तिका." दोन लग्नसराया त्यांनी मिरवल्या. मग पावसाळ्यात कावीळ झाली आणि सगळं संपलं.

तेराव्यानंतर तू म्हणालास, शेवंती, घोडी विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. तू वाईट बोलला नव्हतास, दादा. मला पटलं होतं. जुहूच्या वाळूत पोरांना फिरवणारा एक घोडेवाला तूच पाठवलास. त्याने मैनेचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले. मी शेजारी उभी, मनात म्हणत होते, जा बाई, सुटलो आपण दोघी. ह्यांनी तिच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ बांधली होती, दृष्ट लागू नये म्हणून. त्या माणसाने ती हिसकून शेणात टाकली आणि म्हणाला, "ये सब कचरा निकाल दो." मी माळ उचलली, नळाखाली धुतली, आणि त्याला सांगितलं, घोडी विकायची नाही. माझं मलाच कळेना हे कोण बोललं. तो गेला आणि मैना माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. माळ परत बांधायची तर गळ्याशी जायला हवं, आणि तेवढं काळीज माझ्याकडे नव्हतं. माळ घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली.

घोडीची मालकीण झाले खरी, पण तिला हात लावता येईना. गावाला मी म्हशींत वाढलेली. म्हैस सरकत नसली की मागून जायचं आणि पाठीवर चांगली थाप द्यायची, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्याच सकाळी तेच केलं. मैनेने लाथ झाडली ती माझ्या कानाजवळून गेली आणि पाण्याची बादली पार भैय्याच्या म्हशींत जाऊन पडली. सगळा तबेला हसला. मी गवताच्या भाऱ्यावर बसून मनसोक्त रडले. घोडीमुळे नव्हे, सगळ्याचंच रडून घेतलं.

तिथे सीताराम आला. तू त्याला ओळखतोस, गिरणीत ह्यांच्याच खात्यातला, आता लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. सगळा बँडच आपल्याकडच्या गिरणीवाल्यांचा आहे, कोणी कणकवलीचा, कोणी वेंगुर्ल्याचा. त्याने रडू नका वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाला, "वयनी, पाठसून कोण इला तर तुमका तरी आवडात काय? म्होरसून जावा, हात हुंगाक देवा." मग रोज तालमीला जाताना तो तबेल्यावरून जायला लागला. फाटकाशी उभा राहायचा, बिडी ओढायचा, बघायचा. दादा, त्याचे माझ्यावर उपकार आहेत ते कशाचे, माहीत आहे? लगाम माझ्या हातातून सुटला, गाठ चुकली, मैना मला ओढत उकिरड्यापर्यंत घेऊन गेली, तरी त्याने एकदाही "द्या इकडे" म्हटलं नाही. एकदा नाही. नुसतं म्हणायचा, "परत बांधा."

तरी रोज सकाळी फाटक उघडायचं धाडस व्हायला वेळ लागायचा. एका सकाळी माझा पाय उचलेना, तेव्हा मला बाबा आठवले. पेरणी असो, घर शाकारणं असो, कोणी मुंबईला निघालेलं असो, अंगणात उभे राहून ते आधी देवाला गाऱ्हाणं घालायचे आणि आपण सगळी मागून 'व्हय म्हाराजा' ओरडायचो. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण तबेल्यात म्हशींशिवाय ऐकायला कोण होतं? मी पदर खोचला, हात जोडले आणि बाबांच्याच सुरात सुरू केलं: बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरां वाटेक लागली हत, तेंची वाट निर्धोक कर, आडवा इला असात ता दूर कर रे म्हाराजा. आणि मागून फाटकाशी सीताराम, बिडी हातात, मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा." मैनेने कान टवकारले आणि आपणहून एक पाऊल पुढे टाकलं. मी हसायला लागले. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच हसले असेन.

मग तो नेमच झाला. गाऱ्हाणं, व्हय म्हाराजा, आणि मैना चालायला लागते. हळूहळू अशी वेळ आली की तो शब्द ऐकल्याशिवाय ती फाटकाबाहेर पडेना. आम्ही आरेच्या रस्त्यावरून जायचो, झाडांच्या सावलीतून, बस आली की कडेला उभ्या राहायचो. आधी बस आली की मी बिचकायची आणि मला बघून ती. पुढे मी बिचकायचं सोडलं, तसं तिनेही. ती माळ मी तिच्या गळ्यात बांधली ती अशाच एका सकाळी, आणि आपण काय केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन देव्हाऱ्यातली माळेची जागा रिकामी दिसली तेव्हा कळलं. कुळीथ भिजवून देते मी तिला. आपल्या पिठीचेच कुळीथ. डब्याचा आवाज आला की फुरफुरते, अगदी पाटावर बसलेल्या तुझ्यासारखी.

पण दादा, लग्नसराई जवळ आली तशी मला दुसरीच भीती वाटायला लागली. घोडीची नव्हे, माझ्या कपाळाची. नवरदेवाची घोडी रिकाम्या कपाळाच्या बाईने धरायची, हे कोण चालवून घेईल? म्हणून मी मालाडचा एक माणूस ठरवला. वरातीत लगाम तो धरील, मी मागे लांब राहीन. पहिलीच वरात बोरीवलीची होती, नलिनीताई म्हणून शाळेतल्या बाई, त्यांच्या मुलाची. बँड सीतारामचा. सगळे जमले, नवरदेव मुंडावळ्या बांधून तयार, आणि मालाडचा माणूस काही आलाच नाही. नलिनीताई म्हणाल्या, घोडी कोण धरणार? मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळाकडेही पाहिलं, ते मला कळलं. आणि म्हणाल्या, "मग तुम्ही आहात ना?" मैनेच्या पायांवर पाणी घातलं, तिला हळदकुंकू लावलं, गूळ आणि भिजवलेली डाळ भरवली, आणि लगाम उचलून माझ्या हातात दिला.

वरात निघाली ती झकास निघाली. बाजाराच्या नाक्यापर्यंत गेलो असू. तिथे व्हिडिओवाला पुढे धावला आणि त्याने तो मोठा झगझगीत दिवा थेट मैनेवर धरला. आणि मैना थांबली. मान वर, कान ताठ, पाय जमिनीत रोवल्यासारखे. तिचं सगळं आयुष्य स्टुडिओत गेलेलं. दिवा लागला की हलायचं नाही, एवढं ती पक्कं शिकलेली. ह्यांच्या वेळच्या वरातींत व्हिडिओवाला कधी नव्हता. मी ओढलं, चुचकारलं, छे. व्हिडिओवाल्याला वाटलं पोझ देतेय, तो दिवा आणखी जवळ आणतोय. मागे बसचे भोंगे, वर नवरदेव घामाघूम, नाचणारे थांबले. गर्दीतून कोणीतरी म्हणालंच, "कुणाच्या हातात दिलीय बघा, मग वाट लागणार नाही तर काय." मी ऐकलं. वाटलं, लगाम टाकावा आणि घरी जावं.

मी सीतारामकडे पाहिलं. तो पुढे येऊन लगाम घेईल असं वाटलं. तो जागचा हलला नाही. फक्त हात वर करून त्याने बँड थांबवला. मग मला कळलं काय करायचं ते. भर रस्त्यात, साऱ्या वऱ्हाडासमोर, पदर खोचला आणि बाबांच्या आवाजात सुरू केलं. बा देवा रवळनाथा. लोक बघतच राहिले. शेवटी मी "दूर कर रे म्हाराजा" म्हटलं, आणि अख्खा बँड, ट्रम्पेटवाले, ढोलवाले, दिवे डोक्यावर घेतलेल्या बायका, सगळे एका दमात ओरडले, "व्हय म्हाराजा." मैनेने फुरफुर केलं आणि त्या दिव्याच्या रोखाने चालायला लागली. व्हिडिओवालाच मागे पळाला. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बँडने जोरात उचललं, आणि मी मान खाली न घालता मांडवापर्यंत गेले. इतका अभिमान मला जन्मात कधी वाटला नव्हता, दादा. माझाही आणि तिचाही.

परतताना नलिनीताईंनी माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, पुढल्या साली धाकट्याचं आहे, तुम्हीच या. घोडी पाठवा असं म्हणाल्या नाहीत. तुम्हीच या म्हणाल्या. त्यानंतर या हंगामात कांदिवली झाली, अंधेरी झाली, घाटकोपरचं एक गुजराती लग्न झालं. कुठे कोणी कपाळाकडे बघतं, कुठे बघत नाही. मी आता दुसरा माणूस ठरवत नाही.

आता रविवारचं. चहा पिऊन उठताना तू चपला घालत म्हणालास, "मैनेला सीताराम घेऊन येईल ना? तू आपली मागाहून सावकाश मांडवात ये, वहिनीला मदतीला." तू माझ्याकडे बघत नव्हतास. तुझ्या मनात काय होतं ते मला कळलं, आणि त्यात दुष्टावा नव्हता हेही कळलं. चार लोक काय म्हणतील, पोराच्या शुभकार्यात काही उणं निघायला नको, एवढंच. मी मान हलवली तेव्हा तुला वाटलं असेल, हो म्हणाली. ते 'हो' नव्हतं, म्हणून हे पत्र. परक्या बाईने ज्या हातात लगाम दिला, तो हात भावाच्या दारात मागे राहणार नाही. सीताराम येईल, पण ट्रम्पेट घेऊन. मैनेला घेऊन मी येईन. आदल्या दिवशी पहाटे निघेन, आरेतून पवई, पवईवरून भांडुप, आणि मुलुंडला तुझ्याकडे ऊन तापायच्या आत पोचेन, तिला बांधायला जागा तेवढी बघून ठेव. आम्ही दोघी वेगवेगळ्या येत नाही, दादा. दोघींना बोलाव, नाहीतर दुसरी घोडी बघ, मी रागावणार नाही. नाही, खोटं कशाला, रागावेन. आणि व्हिडिओवाला तू ठरवला आहेस असं अनंता सांगत होता, तेव्हा मैना तुमच्या नाक्यावर थांबणारच. गाऱ्हाणं मी घालीन. लहानपणी बाबांच्या मागे सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडायचं ते मला आठवतंय. त्या दिवशी बँडच्या आधी तुझा आवाज ऐकू आला पाहिजे.

तुझीच,
शेवंती