कात्री नसलेला संघ

प्रिय सेंगदावताई,

हायफाँगहून लिहिते आहे. दुपारच्या विश्रांतीची वेळ आहे आणि मी बर्फाच्या बादलीत पाय घालून बसले आहे. काल यजमानांनी आपल्याला पाच गोल घातले. चौथा गोल जाळीतून काढायला वाकले तेव्हा वाटलं, आता इथेच बसून राहावं. माझी ही पाचवी स्पर्धा. दर वेळी आपण पाडेकची बाटली कपड्यांत गुंडाळून नेतो, तिचा मासळीचा वास अख्ख्या मजल्यावर पसरतो, हॉटेलवाले नाकं मुरडतात आणि आपण हरून घरी येतो. डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. थकले गं मी.

खोलीत फेत आहे. एकोणीस वर्षांची, बचावात तुझ्या जागी खेळते, आणि माझ्या सरावाला आजीबाईंची पहाटफेरी म्हणते. निघण्याआधी नेहमीसारखे सगळ्यांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, जीव अंगातच राहावा म्हणून. पण हल्ली ते सामन्याच्या चार दिवस आधीच बांधतात आणि मालिशवाल्या मावशी नखांनी गाठी सोडवतात. बॅगेत कात्री ठेवायचीच नाही असा नियम आहे. बोटांची पट्टीसुद्धा आम्ही दातांनी तोडतो. काल फेतची गाठ सुटेना, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, सावकाश. माझी सेंगदावताई व्हायला नको." सगळ्या हसल्या. मी हातमोजे चढवत होते.

परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला. बाळ महिन्याचं झालं, रविवारी दोरे बांधायचे आहेत, आणि तू म्हणतेस की सासूबाईच बांधतील, माझा हात लागायला नको. "तू तिची मैत्रीण, तूच समजाव," असं तो बिचारा मला काकुळतीला येऊन सांगत होता. मी हो म्हटलं. तेव्हापासून हा कागद घेऊन बसले आहे.

सहा वर्षांपूर्वीचा तो सामना आठव. पंचबाईंना तुझ्या बाहीखाली दोरे दिसले, काढा म्हणाल्या. गाठी सोडायला वेळ नव्हता, मावशींनी कात्री चालवली. तीन दिवस कात्री लावू नकोस असं तुझ्या आईने बजावलं होतं. माझे दोरे हातमोज्यांत लपून राहिले. शेवटची चार मिनिटं उरली होती, बरोबरी टिकली असती तर आपण पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलो असतो. चेंडू आला, तू सोडून दिलास, मी हलले नाही. मग तू मागे धावत पाय घातलास आणि तो आपल्याच जाळीत गेला. बसमध्ये प्रशिक्षकांनी माझ्याकडे बोट करून तुला विचारलं, बुआवानने आवाज दिला होता का? तू माझ्याकडे पाहिलंस. मी नाही म्हटलं. मग तू म्हणालीस, भासच झाला असेल मला, दोरा कापल्यापासून जीव ठिकाणावर नव्हता. त्यानंतर तू मैदानावर आली नाहीस.

ताई, तुला भास झाला नव्हता. मी ओरडले होते, "सोड, माझा आहे." आणि अंगावर धावून येणारी ती मुलगी बघून घाबरले आणि गोलरेषेवरच थांबले. तुझ्याकडे निदान कापलेला दोरा होता. माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं, म्हणून मी खोटं बोलले. आज जेवताना सगळ्यांसमोर हे सांगून टाकलं. फेतने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. मावशी उठल्या, खालून कात्री मागून आणली आणि माझ्या बोटांची पट्टी कापली. उद्याचा शेवटचा सामना धाकटी गोलरक्षक खेळेल, मी आता परत हातमोजे घालणार नाही. या कागदाचा फोटो तुझ्या नवऱ्याच्या फोनवर पाठवते आहे, कारण तुझा आवाज ऐकायचा धीर मला नाही. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, दारात उभी करू नकोस. पण रविवारी बाळाला पहिला दोरा तू बांध. तुझ्या हातात कधीच काही खोट नव्हती.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
बुआवान