शेंगोळ्यांच्या ताटलीवरचा हात

आये, आज खोलीत शेंगोळे केले. चौथ्यांदा. इथं सुरतेत मी हॉटेलवाल्यांच्या जेवणाचे फोटो काढतो, हे तुला ठाऊक नाही. तू होतीस तेव्हा मी सातवीतून शाळा सोडून तुझ्या न् दादांच्या मागं ऊसतोडीला आलेलो. आपल्या पाथर्डीकडच्या एका बाईनं इथं खानावळ टाकलीय. तिच्या मेनूकार्डात शेंगोळे आहेत. पण मी ज्याच्याकडं फोटोचं काम करतो तो मालक तिथं काढलेला फोटो बघून म्हणाला, "हे काय, चिखलात गांडुळं? काढून टाक, पनीर घे." मी म्हणालो, "उद्यापर्यंत थांबा. घरी करून, घरीच काढून आणतो." बोललो ते बोललो, आता मागं फिरणं नाही.

खिडकीला पांढरा पडदा, समोर उजेड पडायला थर्माकोलचा तुकडा, खाली उलटी ठेवलेली पेटी, हाच माझा स्टुडिओ. धंद्यातल्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. आकार टिकावा म्हणून शेंगोळे अर्धे कच्चे ठेवले, ब्रशनं तेल लावलं, सगळे एका मापाचे वळले, ताटलीची कड पुसून लख्ख केली. फोटोत ते दुकानातल्या पाकिटबंद नळ्यांसारखे दिसायला लागले. तिन्ही वेळा तेच.

मग उसाच्या फडावरची आपली पाचटाची झोपडी, ती कोपी आठवली. तीन दगडांची चूल आहे. तू हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची मळतेस, तेलाचा हात घेऊन तळव्यांत वळतेस, एकेक आधणात सोडतेस. एक दुसऱ्यासारखं नाही. प्रत्येकावर तुझी बोटं उमटलेली. तू ताटली पुढं सरकवतेस आणि मी दादांचा मोबाईल काढतो. "फोटूनं प्वाट भरतंय व्हय रे? निवायच्या आत खा, न्हाईतर तुलाच आधणात सोडीन." दादा म्हणतात, "नगं बाई, त्याला शिजायला लई जाळ लागंल." तू हसतेस, पण ताटलीवरचा हात काही उचलत नाहीस. "आदी घास घे, मग हात काढते." मी तसाच फोटो काढला, मग घास घेतला. दादांकडून घेऊन तो फोटो मी अजून जपलाय. किती मोबाईल बदलले, तो सोडला नाही.

आज शेंगोळे पुरते शिजवले. पाणी दाट होऊ दिलं. कड पुसली नाही. कॅमेऱ्याला टायमर लावला, ताटलीवर तुझ्यासारखा डावा हात ठेवला. वाफ होती तेवढ्यात फोटो काढला आणि गरम गरम खाऊन टाकले. मालकाला पाठवला तर त्याचं उत्तर, "छान. पण हात कशाला? काप तो." मी लिहिलं, "हात राहील. नको असेल तर फोटोच घेऊ नका." मग उत्तर आलं, "खानावळीच्या बाईला दाखवतो." बाई नको म्हणाली तर पाचव्यांदा करीन. हुलग्याचं पीठ आहे अजून. हात काढणार नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पिठाच्या डब्याखाली ठेवतो. पण आये, एक सांगायचं राहिलं. जपलेल्या त्या फोटोत आता नुसती ताटली आहे. तुझ्या हाताला उसाच्या पाचटानं पडलेल्या चिरा होत्या, काजळी होती. टोळीतली पोरं हसतील म्हणून त्याच दिवशी तो हात मी कापून टाकला.