आम्ही पहाडावर सगा झालो

१६ जानेवारी १९८६, गुरुवार

बाबा हो म्हणाले! हो म्हणाले! मी दिवाळीपासून मागं लागले होते, आणि आज चहा पिता पिता एका वाक्यात काम — "चला, रविवारी जाऊन येऊ इसरूच्या गावाले." मी तिथंच उड्या मारल्या नाहीत, हेच माझं कौतुक.

इसरू माझ्या डी.एड.च्या वर्गातला. पहाडावरचा गोंडाचा पोरगा, चंद्रपुरात वसतिगृहात राहतो, अधूनमधून भद्रावतीला आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर जेवायला येतो. आईला वाटतं बिचारा घरापासून दूर, म्हणून त्याच्या ताटात पोळी जास्त. बाबांना आवडतो, कारण कॅरममध्ये हरतो. (मुद्दाम हरतो, लबाड!) आणि मला — इथंच लिहिते, दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही. मला त्याच्याशी लग्न करायचंय. घरी कोणालाच माहीत नाही. इसरूला सांगून ठेवलंय, आधी माझ्या माणसांना तुझं घर पाहू दे. परत येताना बसमध्ये मी बाबांशी बोलते. बोलतेच!

१८ जानेवारी, शनिवार

आईचा चिवडा झाला, शंकरपाळे झाले, आता म्हणते लोणचंही घेऊ. "आवो, एका दिवसासाठी चाललो, बस्तान हालवून नाई," बाबा. पहाडावरच्या अर्ध्या लोकांचं रेशनकार्ड आंध्राचं असतं, हे ऐकल्यापासून आईच्या डोक्यात परमुलूख शिरलाय. "तिथी आपले पैसे चालते ना गा?" बाबा इतके हसले की चहा सांडला.

मी निळी साडी नेसणार. नाही, हिरवी. निळीच!

२० जानेवारी, सोमवार

काल आल्या आल्या झोपले. आज सगळं लिहिते. आधी चांगलं लिहिते, वाईट शेवटी.

पहिल्या बसनं चंद्रपूर, मग राजुऱ्याहून पुढं. पहाडाखालच्या फाट्यावर उतरलो तर इसरू बंडी जुंपून उभा! धोतरात! कॉलेजात पँट घालून फिरणारा साहेब इथं धोतर नेसून बैलांशी गोंडीत बोलतो. मी तर पाहतच राहिले. घाट चढताना आई बंडीचा दांडा धरून डोळे मिटून बसली होती. मी मात्र पुढं बसले. खाली सगळा मुलूख दिसत होता, कापसाची वावरं, पलीकडं नुसतं जंगल. गार वारा. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं! "पडशीन ना वं, नीट बैस," बाबा दोनदा बोलले.

गावात पोचलो तर दारात पाण्याचे गडवे भरून ठेवलेले. पाय धुतल्याशिवाय घरात नाही. इसरूचे वडील सोमाजी, मोठ्या मिशीचे. बाबांनी सवयीप्रमाणे खणखणीत "जय भीम" केला. सोमाजी एकदम खूश — "आमचा बी हाय भिमाल देव! पाणी पाडते तो!" बाबा समजावणार होते की हा भीम वेगळा, तर आईनं मागून पदराआडून चिमटा काढला. बाबा गप्प. हसू आवरेना.

सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बाजा टाकल्या होत्या. सारं गाव गोळा. आई आणि इसरूची माय यांना एकमेकींची भाषा येत नाही, पण शेंगा सोलता सोलता दोघींचं अखंड चालू! वालाच्या उकडलेल्या शेंगा, ज्वारीचा घाटा, कोंबडी. बाबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मला वाटलं, झालं! जमलं! आता बसमध्ये नुसतं तोंड उघडायचं.

आणि मग ते झालं.

जेवणं झाल्यावर सोमाजी नीट मांडी घालून बसले, चारपाच म्हातारे जवळ सरकले. सोमाजींनी विचारलं, "देवाजीभाऊ, तुमी किती देवाचे? आमी सात देवाचे. इथी कोनी चारचे हायेत, कोनी पाचचे, कोनी सहाचे."

बाबा म्हणाले, "आमी एकाही देवाचे नाई. छप्पन साली सारे सोडले."

"एकाही नाई?"

"एकाही नाई."

"नाव देवाजी!" एक म्हातारा म्हणाला, आणि सगळी सपरी हसली. मग म्हातारे आपसात गोंडीत कितीतरी वेळ बोलले. मला वाटलं चिडले. इतक्यात सोमाजी उठले, दोन्ही हात पसरून म्हणाले, "मंग तुमी आमचे सगा! बोला भाऊ, सगा का नाई?"

बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा इसरूकडं. मग उठले आणि त्यांच्या गळ्यात पडले. "सगा! सगा!" साऱ्या गावानं एकच गलका केला. कोणीतरी ढोल आणला.

आईचे डोळे भरले. "वच्छले, सगा म्हंजे सक्खा गं! तुले भाऊ नव्हता, आज भेटला. जाय, भाऊले शंकरपाळे दे."

भाऊ! मी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन इसरूपुढं उभी. आणि तो गाढव हसत होता! कानापर्यंत हसत होता! इतका राग आला, डबा त्याच्या हातात आदळला आणि बंडीत जाऊन बसले. बसमध्ये बाबा शेजारी होते. काय बोलणार? साऱ्या गावापुढं ज्याला भाऊ केलं, त्याच्याशी लग्न लावा म्हणणार?

२१ जानेवारी, मंगळवार

बाबा ड्यूटीवर, आणि आईनं दिवसभर भाऊबीजेचं काढलं. यंदा इसरूला शर्टाचं कापड घेऊ म्हणते. मी डोकं दुखतं म्हणून पडून राहिले.

२३ जानेवारी, गुरुवार

अगं बाई! अगं बाई! मी किती मूर्ख!

कॉलेजात त्याच्याकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तर तो फाटकाजवळ वाट अडवून उभा. "काऊन बोलून नाई राह्यली?" मी म्हटलं, "भावाशी काय बोलायचं?" तो आधी नुसता बघत राहिला. मग पोट धरून हसला.

म्हणे, "येडी का तू? एका देवसंख्येचे सारे आपसात भाऊ, त्यायच्यात लगन होत नाई. ज्याच्या घरची पोरगी करता येते, तो सगा! तुमचा देवच नाई, तं तुमी कोनाचे भाऊच नाई. साऱ्या पहाडाचे सगा! भाऊ झालो असतो तं मी रडलो असतो ना, हासलो काऊन असतो?"

म्हणजे — म्हणजे ते मागणं होतं! त्यानं घरी आधीच सांगितलं होतं. मी रस्त्यातच टाळ्या पिटल्या. लोक बघत होते, बघोत!

पण मग पुढचं ऐकून टाळ्या थांबल्या. सोमाजी या रविवारी म्हाताऱ्यांना घेऊन येताहेत, बोलणी पक्की करायला. आणि बाबा? बाबांना वाटतंय त्यांनी भाऊ जोडला! फसवलं म्हणतील. शब्द फिरवला तर पहाडावर कायमचं तोंड काळं, आणि माझं सगळं संपलं. रविवारच्या आत सांगायला हवं. उद्या सांगते.

२४ जानेवारी, शुक्रवार

नाही सांगितलं. हिंमतच झाली नाही.

२५ जानेवारी, शनिवार

सांगितलं. बाबा अंगणात सायकल पुसत होते. सगा म्हणजे काय, उद्या कोण येतंय, मला काय हवंय, सारं एका दमात. बाबांनी मान वर केली नाही. मी रडायलाच लागले. "बाबा, तुमी समजले नाई, त्यायची चूक नाई…"

"फॅक्टरीत लागायच्या आधी मी त्याच पहाडाखाली बांबू तोडत होतो, गोंडायच्या संगं," बाबा चाक फिरवत म्हणाले. "बंडीत त्याच्याकडं पाहू पाहू तुझी मान वाकडी झाली होती, मी काय आंधळा? सोमाजीनं साऱ्या गावापुढं पोरगी मागतली, मी इचार केला, हो म्हटलं. भाऊ-बिऊ तुले कोनं सांगतलं?"