ज्या दिवशी इकडे आवाज चढतो

९ फेब्रुवारी, सोमवार

क्लिनिकमधल्या टीव्हीचा रिमोट डॉक्टरांनी आज माझ्या टेबलावर आणून ठेवला. दाढ धरून बसलेल्या पेशंटला युद्ध बघायचं नसतं, पण रिसेप्शनवर मी आहे, आणि माझ्या नवऱ्याचा तेलाचा टँकर तिकडे, त्या लढणाऱ्या देशाच्या बंदरात अडकवून ठेवलाय हे अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे. त्यांच्या शत्रूचं तेल वाहिलं म्हणे. नितीन बोटीवर बोसन. दोरखंड, नांगर, रंगकाम. तेल कोणाचं हे त्याला विचारून भरतात काय?

दुपारी टीव्हीवर साहेब. आपल्याच भागातले, दिल्लीत परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री. काळा कोट, मऊ आवाज. "सर्व बाजूंनी संयम राखावा." संध्याकाळी कामोठ्याच्या सभेत परत तेच साहेब. पांढरा कुर्ता, मूठ वर. "आमच्या पोरांच्या केसाला धक्का लागला तर याद राखा!" पुढचं शिट्ट्यांत बुडालं.

करंजाहून सासूबाईंचा फोन. "साहेब कसला बोलला गं आज! माजा जीव थंड झाला." माझाही झाला होता, खोटं कशाला लिहू.

१३ फेब्रु., शुक्र.

नि.चा फोन!! कंपनीने जोडून दिला. आवाज खरखरीत, पण त्याचाच. जेवतोस का विचारलं. "लतीफ करतो काहीतरी. डाळ संपत आलीय." लतीफ बोटीवरचा कुक, आपल्या मोहल्ल्यातल्या रुबीनाचा नवरा.

मग आवाज खाली करून म्हणाला, "तिकडे भाषणं चाललीत काय गं? इथले लोक फोनवर कॅप्टनला दाखवतात. ज्या दिवशी तिकडे आवाज चढतो, त्या दिवशी आम्हाला खाली कोंडतात. डेकवर सोडत नाहीत. सोमवारी तर पाणीपण नाही दिलं."

सोमवारी. कामोठ्याची सभा.

शेवटी विचारलं, गॅसचा पाइप बदललास का. बदलला म्हटलं. बदललेला नाही. फोन कट झाल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले, बाहेर पेशंट होते.

१८ फेब्रु., बुध.

मी आणि रुबीना साहेबांच्या ऑफिसात. हाफ डे. वाटलं होतं पीए बाहेरूनच वाटेला लावेल. पण साहेबांनी आत बोलावलं, चहा मागवला, नि.ने फोनवर सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. डोळे ओले झाले त्यांचे. नाटक नव्हतं, मला कळतं.

म्हणाले, "वहिनी, दिल्लीत मी त्यांच्या राजदूतासमोर हात जोडून बसतो. इथे आलो की लोकांना मूठ हवी असते. निवडणुका तोंडावर आहेत. इथे मूठ नाही दाखवली, तर उद्या तिथे हात जोडायलाही मी नसेन. दोन्ही तुमच्यासाठीच करतो."

रुबीनाने कप खाली ठेवला. म्हणाली, "साहेब, खुदा गवाह आहे, तुमची नियत साफ आहे. पण तुमच्या मुठीचा मार आमच्या माणसांना बसतो."

साहेब खूप वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग शब्द दिला: माणसं सुटेपर्यंत सभेत त्या देशाचं नाव काढणार नाही. आम्ही पण शब्द दिला, चॅनलवाल्यांशी बोलायचं नाही. दिल्लीतल्या ऑफिसरबाईंचा नंबर दिला त्यांनी.

येताना रुबीना रिक्षात म्हणाली, माणूस बुरा नाही. नाहीच.

२४ फेब्रु., मंगळ.

ऑफिसरबाईंशी बोलले. मराठीच निघाल्या, साताऱ्याकडच्या. बाई थंड, पण फोन ठेवायची घाई करत नाहीत. इकडचं प्रत्येक भाषण त्याच दिवशी तिकडे भाषांतर होऊन जातं म्हणाल्या. लढाईत असलेल्या माणसाला सगळ्यात आधी स्वतःच्या लोकांसमोरचं तोंड सांभाळायचं असतं. "त्यांना सोडायचं आहे, पण घाबरून सोडलं असं दिसायला नको आहे. आपण फक्त त्यांना सोडण्यासाठी जागा करून देतोय."

म्हणजे त्यांच्याकडेही एक कामोठं आहेच.

२ मार्च, सोम.

ओवे गावात साहेबांची सभा. मी मुद्दाम गेले, मागे उभी राहिले. रस्ते, पाणी, गावठाण यांवर बोलले. लोक वाट बघत होते. कोणीतरी ओरडलं, "बोटीचं बोला!" साहेब म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत," आणि परत पाण्यावर आले. पब्लिक हसलं. समोरच्या पार्टीने आता नावच पाडलंय, मुके साहेब. पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर तोंडाला कुलूप लावलेला फोटो फिरवतायत.

स्टेजवर त्यांचा चेहरा उतरलेला. मला एवढी माया आली त्या माणसाची की काय सांगू. जाऊन सांगावंसं वाटलं, साहेब, आज माझा नवरा डेकवर उभा असेल, वारा खात असेल.

११ मार्च, बुध.

ऑफिसरबाईंचा फोन. ठरलंय. सोमवारी सोडतील, सगळ्या क्रूला. मधल्या एका देशाच्या विमानाने. "हद्द ओलांडेपर्यंत कोणाला सांगू नका. तुम्हालाही मी सांगायला नको होतं." रुबीनालाही त्यांनीच कळवलं.

संध्याकाळी करंजाला गेले. फक्त आईंना, सासूबाईंना, कानात सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नको. तुजा सासरा व्हता तवा बोट लांबून दिसली तरी मी पाट्यावर वाटन घेत नव्हते. धक्क्याला लागली, मानसा उतरली, की मगच. समजला?" समजलं म्हटलं. दोघी रडलो, आवाज न करता, शेजारी कळायला नको म्हणून.

१३ मार्च, शुक्र.

गव्हाण फाट्यावर फ्लेक्स. दुमजली घराएवढा. आमच्या लग्नातल्या फोटोतून नि. कापून काढलाय, माझा खांदा अर्धा राहिलाय त्याच्या बाजूला. शेजारी लतीफ, वर साहेब हात जोडून. "करंजाचा सुपुत्र मायदेशी परत येत आहे! साहेबांचे जाहीर आभार व भव्य सत्कार. रविवार."

बसमधून दिसला. पुढच्या थांब्यावर उतरले.

किशोर भावजींना फोन. नि.चा धाकटा भाऊ, मच्छीमार सोसायटीत आहे. आई नाही बोलल्या, पीएनेच सांगितलं म्हणे, चांगली बातमी येतेय, तयारी ठेवा. मी ओरडले. तर समजावतात मला. "वैनी, तुमाला नाय कळत. बॅनर लागला म्हंजे साहेब बांधला गेला. आता काम करल्याबिगर त्याची सुटका नाय." खरंच आहे, आपल्याकडे असंच करतात. रस्ता व्हायच्या आधी रस्त्याबद्दल आभार. नगरसेवकाला हार घालून ठेवला की तो लाजेकाजेस्तव खडी टाकतो. भावजींनी भावासाठीच केलं. त्याच मायेने, त्याच डोक्याने. पण नगरसेवक आणि लढाईत उतरलेलं सरकार यात फरक असतो हो भावजी.

ऑफिसरबाईंना कळवलं. "बॅनर आत्ताच्या आत्ता उतरवा. सत्कार रद्द करा."

बॅनर उतरला. सत्कार रद्द नाही झाला. मांडव पडलाय, माणसं बोलावलीत. पीए म्हणाला, रद्द केला तर उलटी चर्चा होईल, साहेब फक्त शाल घेतील, बोलणार नाहीत.

१५ मार्च, रवि.

लिहवत नाही. तरी लिहिते.

धक्क्याच्या बाजूला स्टेज. करंजा लोटलं होतं, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. आईंनी साहेबांना ओवाळलं. सोमवारचं कोणाला सांगायचं नाही म्हणणाऱ्या आई, पण मांडव बघून त्यांचाही तोल गेला. आई आहे, किती धरून ठेवणार. मला पहिल्या रांगेत बसवलं.

शाल झाली, श्रीफळ झालं. साहेब माइकवर फक्त आभार मानायला उभे राहिले. चांगलं बोलत होते. दर्यावर जगणाऱ्यांचं काळीज वगैरे. मागून एक आवाज आला, "मुके साहेब, आता तरी तोंड उघडा!" हशा. सगळा मांडव हसला.

साहेबांचा चेहरा पडला, तो मी बघितला. मग चढला, तोही बघितला. आणि हात वर गेला.

"मुका कोण? अरे आम्ही नुसते डोळे वटारले, आणि त्यांनी दार उघडलं!"

काय टाळ्या. काय शिट्ट्या. फटाके लावले कोणीतरी. आई माझ्या शेजारी टाळ्या वाजवत होत्या, डोळ्यांतून पाणी, हसू. मोबाइल सगळे वर.

वाक्य संपल्यावर साहेबांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. बोलून झाल्याबरोबर कळलं होतं.

१७ मार्च, मंगळ.

काल सोडलं. फिलिपिनो सोडले, श्रीलंकेचे सोडले. आपले ठेवले.

तिकडचा प्रवक्ता टीव्हीवर. खाली इंग्रजी पट्टी. आमचं दार कोणाच्या डोळ्यांना घाबरून उघडत नाही, एवढंच.

१८ मार्च, बुध.

रुबीना आली. चप्पल न काढता दारातच उभी. "तुमच्या गावाने शाल घातली, वहिनी. माझ्या घरात तीन लेकरं आहेत, त्यांना काय घालू?" आत ये म्हटलं. नाही आली. जिना उतरताना तिचं रडणं ऐकू येत होतं. मागून जायला हवं होतं, गेले नाही.

आईंना भावजींनी अजून नीट सांगितलेलं नाही. विमान लेट आहे म्हणून सांगितलंय.

२२ मार्च, रवि.

साहेब आले. गाडी लांब उभी करून, एकटे. बसले नाहीत. "वहिनी, माझ्याकडून झालं." मला वाटलं होतं मी काहीतरी फेकून मारीन. पाणी दिलं.

मी एकच मागितलं. त्याच धक्क्यावर उभे राहा आणि सांगा, ते खोटं होतं. आम्ही डोळे नाही वटारले, आम्ही विनंती केली.

म्हणाले, दिल्ली परवानगी देत नाही. लढाई चालू असताना मंत्र्याने शब्द गिळला तर देश वाकला असं दिसतं. मी म्हटलं, दिल्ली सोडा, तुम्ही? खिडकीतून बाहेर बघत राहिले. "नाही जमणार मला. लोकांसमोर नाही जमणार."

निदान खरं बोलले. तिकडच्यांनाही जमत नाही, यांनाही जमत नाही. दोघांच्या तोंडापायी माझा माणूस खाली अंधारात बसलाय. कुठल्या जन्मीचं वैर आहे या लोकांचं माझ्याशी?

२७ मार्च, शुक्र.

ऑफिसरबाई: आपल्या माणसांना बोटीवरून उतरवून किनाऱ्यावर नेलंय. कुठे, माहीत नाही. फोन बंद. तब्येती बऱ्या असाव्यात. 'असाव्यात' म्हणाल्या.

मी विचारलं, आम्ही बायकांनी काही केलं तर? मग म्हणाल्या, "मी तुम्हाला काहीही सांगू शकत नाही. पण आभार मानायला कोणाची परवानगी लागत नाही."

रात्रभर तेच डोक्यात. आभार. कशाचे? त्याला कोंडल्याचे?

३० मार्च, सोम.

केलं.

चॅनलची पोरगी बोलावली. क्लिनिकमध्येच, डॉक्टरांनी जागा दिली. रुबीनाला सकाळी फोन केला होता, उचलला नाही, पण आली. बाजूला बसली, माझा हात धरला.

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला त्यांनी इतके दिवस नीट सांभाळलं, जेवू घातलं, मी त्या देशाची आभारी आहे. त्यांचं मन मोठं आहे. कोणी त्यांना घाबरवलेलं नाही, कोणी घाबरवू शकत नाही. आमच्याकडे जे बोललं गेलं, त्याची मी, एका बोसनची बायको, माफी मागते.

पोरीचा माइक खाली आला. "मॅडम, नक्की? हे असंच दाखवू?" हो म्हटलं.

गॅसवर वरण करपून गेल्यासारखी चव तोंडात. अजून जात नाही.

१ एप्रिल, बुध.

गद्दार. बाई विकली गेली. कोणी लिहिलंय, नवऱ्यासोबत तिकडेच पाठवा हिला. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी देशप्रेमाचा मेसेज टाकला, नाव न घेता. भावजी म्हणाले, "वैनी, गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली." साहेबांनी सभेत सांगितलं, ते वक्तव्य एका दुःखी भगिनीचं आहे, देशाचं नाही. आवाज मऊ होता, मूठ नव्हती. एवढं केलं त्यांनी माझ्यासाठी, किंवा त्यांना तेवढंच जमलं.

आईंचा फोन नाही. तीनदा केला, भावजींच्या मुलीने उचलला, आजी बोलत नाहीत म्हणाली.

हे मला सगळ्यात जास्त लागलंय. बाकीच्यांनी काहीही म्हणावं.

४ एप्रिल, शनि.

ऑफिसरबाई, एक मिनिटभर. "तुमचं बोलणं तिकडे पोचलंय. त्यांच्या टीव्हीवर दोनदा दाखवलं." मग? "मग काही नाही. अजून काही नाही."

५ एप्रिल, रवि.

सकाळी बेल वाजली. आई. एकट्या, करंजाहून एसटीने, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी दारातच उभी. वाटलं, आता मला खूप बोलतील. बोला म्हटलं मनात, तुम्ही बोललात तर मी ऐकून घेईन.

आत आल्या, पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या. भावजींनी खरं काय ते सांगितलंय आता त्यांना, विमान लेट नाही हे. लुगड्याचा काठ चुरगाळत होत्या.

मग म्हणाल्या, "तवा मी टाली वाजवली गं. पुढं बसून." मी म्हटलं, सगळ्यांनीच वाजवली आई. "बाकीच्यांचा पोर नव्हता तिथं."

तेवढ्यात रुबीना आली, वाडग्यात खिमा घेऊन. तिघी बसून राहिलो. आई तिला म्हणाल्या, पोरा जेवली काय. ती हो म्हणाली.

आणि मग आईंनी केस नीट केले, पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाल्या, "ती टीव्हीवाली पोर परत येईल काय? तू बोललीस ते कमी पडला आसंल. तू बायको हायस, मी आई हाय. मना बसव तिच्यासमोर. काय काय गोड बोलायचा, मना शिकव."