माडबंदरच्या प्रसूतिगृहाच्या ओट्यावर मरण पावलेल्या विमला तारी हिची नोंद दुरुस्त होण्याबाबत

प्रति,
मा. प्रांत साहेब,
दौऱ्यावरील मुक्काम माडबंदर,
जिल्हा रत्नागिरी.

अर्जदार: राधाबाई भिकाजी चिंदरकर, वय अंदाजे ५८, धंदा सुईणपण, राहणार तरवाडा, माडबंदर.

विषय: एकच बाई नगरपालिकेच्या अहवालात एका पानावर सुखरूप व दुसऱ्या पानावर मृत दाखविली असल्याबद्दल.

संदर्भ: १) माडबंदर नगरपालिकेचा 'प्रगतीचे वर्ष' हा छापील अहवाल, सन १९६२-६३, पाने ९ व १४.
२) अर्जदार बाईंस मिळालेली मनाईची नोटीस, दि. ५ ऑक्टोबर १९६२.

महोदय,

राधाबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी सांगितले ते खाली सही करणाराने लिहिले आहे. जेथे माणसांचे बोलणे आले आहे तेथे ते जसे बोलले गेले तसेच ठेवले आहे. कचेरीच्या भाषेत घातले असता त्याचा अर्थ बदलतो, हा अनुभव बाईंनी एकदा घेतला आहे. तो पुढे येईल.

१. राधाबाई चौतीस वर्षे माडबंदरात व खाडीपलीकडच्या वाड्यांत बाळंतपणे करीत आहेत. नवरा तारवावर होता, तो गेल्यावर सासूने ही विद्या हातात दिली. आज नगरपालिकेत जे सभासद बसतात त्यांपैकी तिघांची नाळ राधाबाईंनी कापलेली आहे. हे त्या कधी बोलून दाखवीत नाहीत. येथे लिहिले आहे ते लिहिणाराच्या हट्टाने.

२. शहराची प्रगती झाली नाही, असे बाईंचे म्हणणे नाही. धक्क्यापासून मासळी बाजारापर्यंत विजेचे खांब आले. बाजारात नळ आला व सकाळी तासभर त्याला पाणीही येते. बागेत रेडिओ लागला. या सगळ्याचा बाईंना आनंद झाला होता, आणि सर्वांत जास्त आनंद झाला तो दवाखान्याशेजारी सहा खाटांचे प्रसूतिगृह उभे राहिले त्याचा. इमारत पुरी झाली त्या आठवड्यात बाई एकट्याच जाऊन खिडकीतून आत बघून आल्या. पांढऱ्या चादरी, काचेचे कपाट, भिंतीला पाण्याची तोटी. घरी येऊन सुनेला म्हणाल्या, "आता माका म्हातारी होवक हरकत नाय."

३. श्रावणात नगरपालिकेने दवंडी पिटवली की, बाळंतपणे यापुढे घरी करू नयेत, प्रसूतिगृहात यावे. सुशीलाबाई नावाच्या शिकलेल्या नर्सबाईही एक ऑगस्टला रुजू झाल्या. मात्र प्रसूतिगृहाला कुलूप होते. उद्घाटन पंधरा ऑगस्टला नामदार साहेबांच्या हस्ते व्हायचे होते. ते आले नाहीत. मग दसऱ्याचा दिवस ठरला. दवंडी पिटणाऱ्याला हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे तो पिटतच राहिला. नर्सबाई दवाखान्यामागच्या भाड्याच्या खोलीत बसून असत.

४. दि. १९ सप्टेंबर १९६२, बुधवार. खाडीपलीकडे कांदळवाडीत गणपत तारी याची बायको विमला, वय बावीस, आदल्या संध्याकाळपासून वेणा देत होती. गणपत मुंबईस गोदीत कामाला. घरी त्याची आई सुभद्रा. राधाबाई तेथेच होत्या. मूल सरळ होते, परंतु विमलाचे पाय सुजलेले, ओठ पांढरे पडलेले, आणि पहिल्या खेपेला तिचे रक्त फार गेलेले. सकाळी बाईंनी सुभद्रेला बाजूला घेतले व सांगितले, "सुभद्रे, मूल मी सोडवीन. पण मागाहून रगत धरूचा माझ्या हातात नाय. हिका पलीकडे न्हेवया."

सुभद्रेने मान हलविली. लेक मुंबईस, निर्णय हिच्याकडे, तिने एवढेच विचारले, "थंय आमका घेतीत मां?"

"दवंडी दिली ना त्यांनी," राधाबाई म्हणाल्या.

ही गोष्ट बाईंनी अर्ज सांगताना तीनदा सांगितली. विमलाला पलीकडे त्यांनी नेले. घरी ठेवली असती तर काय झाले असते हे देव जाणे, पण नेण्याचा शब्द त्यांचा होता, व त्या तो नाकारीत नाहीत.

५. खाटेवर घालून, होडीतून, चार माणसांनी विमलाला आणली. साडेनऊला सर्व प्रसूतिगृहाच्या ओट्यावर पोचले. दाराला कुलूप. राखणीला दत्ताराम नावाचा पट्टेवाला होता. तो म्हणाला, "उद्घाटन होवक नाय, आये. चावी कचेरीत आसा." असे म्हणून तो आपणहून धावत कचेरीत गेला.

कचेरीत त्या वेळी दसऱ्याच्या समारंभाची कमान कोठे उभारावी याची बैठक चालू होती. दत्तारामला बाहेर थांबवण्यात आले. बऱ्याच वेळाने निरोप मिळाला तो असा की, नामदार साहेबांच्या हस्ते फीत कापण्यापूर्वी इमारत वापरली गेल्यास समारंभास बाध येईल, तरी बाईस दवाखान्यात न्यावे. दवाखान्याचे डॉक्टर दोन दिवसांच्या रजेवर होते, व दवाखान्यात बाळंतपणाचे सामान काही नव्हते. ते सर्व नव्या इमारतीत हलवलेले होते.

दरम्यान कोणीतरी सुशीलाबाईंना बोलावले. त्या अनवाणी धावत आल्या. त्यांनी व राधाबाईंनी मिळून ओट्यावरच लुगडी आडवी धरून विमलाचे बाळंतपण केले. अकराच्या सुमारास मुलगी झाली. रडली. विमलाने विचारले, "काय झाला?" राधाबाईंनी सांगितले, "चेडू झाला गो, बरा आसा." त्यावर विमला हसली.

मग रक्त सुरू झाले. सुशीलाबाईंनी पोट दाबून धरले व राधाबाईंना म्हणाल्या, "याला इंजेक्शन आहे. आत कपाटात आहे. मीच लावून ठेवलं आहे." आणि खिडकीतून बोट दाखविले. बाईंनी पाहिले. काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, लहान लहान बाटल्यांची रांग. ओट्यापासून दहा-बारा हातांवर. खिडकीला लोखंडी गज.

दत्ताराम दुसऱ्यांदा कचेरीत धावला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हते. राधाबाई रक्ताने कोपरापर्यंत भरलेल्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "दत्तारामा, फोड ता कुलूप. काय होयत ता माझ्यार घाल." दत्तारामने बाहेरच्या दगडी गडग्याचा चिरा उचलून कुलूप फोडले. सुशीलाबाई आत धावल्या, सुई भरून आणली, टोचली. विमलाचा हात सुभद्रेच्या हातात होता. सुभद्रेने नर्सबाईंना सांगितले, "ऱ्हवांदे आता, बाय. गेली ती."

६. मयत कांदळवाडीस नेण्यात आले. तेथे दहन झाले, म्हणून मृत्यूची नोंदही तेथेच झाली. कांदळवाडी नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. जन्म मात्र ओट्यावर झाला, व ओटा हद्दीत आहे. तो येथे नोंदला गेला.

सरकारी मालमत्तेची मोडतोड केल्याबद्दल दत्तारामला कामावरून दूर करण्यात आले. तो आता आचऱ्याला बहिणीकडे राहून नारळ सोलण्याचे काम करतो.

दि. ३ ऑक्टोबरला राधाबाईंना कचेरीत बोलावले. त्यांनी घडले ते सर्व सांगितले. कारकुनाने लिहून घेतले व "तुम्ही सांगितलं तेच आहे" असे म्हणून अंगठा घेतला. त्या कागदात असे लिहिले आहे की, सदर सुईणीने रुग्ण स्त्रीस वेळेवर आणले नाही, घरगुती उपचारात वेळ दवडला, व त्यामुळे स्त्री दगावली, हे सुईणीस मान्य आहे. दोन दिवसांनी, यापुढे बाळंतपणे करू नयेत अशी मनाईची नोटीस आली. नोटीस वाचून घ्यायला बाई लिहिणाराकडे आल्या, तेव्हा तीत उतरवलेल्या या जबाबावरून त्यांना प्रथम कळले की आपण काय मान्य केले आहे. त्या बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसल्या होत्या.

दसऱ्यालाही उद्घाटन झाले नाही. पावसाने रस्ता वाहून गेला होता. पुढे सरहद्दीवर लढाई सुरू झाली व सर्व समारंभ तहकूब झाले. त्याला कोणाचा इलाज नव्हता, बाईंचीही तक्रार नाही. त्यांचा प्रश्न इतकाच की, लढाई चीनशी होती, कुलूप कोणाविरुद्ध होते? अखेर सव्वीस जानेवारीला फीत कापली गेली. फेब्रुवारीत सुशीलाबाईंची बदली झाली. जाण्यापूर्वी त्या राधाबाईंच्या घरी आल्या, पाया पडल्या व गेल्या. त्यांच्या जागी अद्याप कोणी आलेले नाही. प्रसूतिगृहास नवे कुलूप आहे.

७. यंदा एक मे रोजी शाळेच्या पटांगणात प्रगतीचा अहवाल कर्ण्यावरून वाचण्यात आला. राधाबाई बायकांत बसल्या होत्या. शेजारी सुभद्रा, मांडीवर विमलाची मुलगी. नळ झाले, खांब झाले, मग पान नऊ आले: "नूतन प्रसूतिगृहातील पहिले बाळंतपण दि. १९ सप्टेंबर रोजी होऊन माता व बालक सुखरूप आहेत." टाळ्या झाल्या.

सुभद्रा उभी राहिली. आजवर ती चारचौघांत कधी बोललेली नाही. ती म्हणाली, "खंयची माता? माझी सून खंय आसा ती माका दाखवा."

कर्णा थांबला. एका स्वयंसेवकाने तिला बसविले व अहवाल पुढे चालू झाला. पान चौदावर असे वाचण्यात आले की, अशिक्षित सुईणीच्या हलगर्जीपणामुळे हद्दीबाहेरील एक स्त्री दगावली असून, सदर सुईणीस मनाई करून नगरपालिकेने आरोग्याच्या कामी कडक पाऊल उचलले आहे. त्यालाही टाळ्या झाल्या. मुलगी आवाजाने घाबरून रडू लागली, तेव्हा दोघी उठून बाहेर आल्या. रस्त्यात सुभद्रेने राधाबाईंना विचारले, "तू खरेच उशीर केलंस काय गो?"

राधाबाई म्हणतात, कर्ण्यावर काय वाचले त्याचे त्यांना काही वाटले नाही. ह्या प्रश्नाने मात्र त्या रात्री जेवल्या नाहीत. जी बाई ओट्यावर शेजारी बसून होती, जिने सर्व डोळ्यांनी पाहिले, तिलाही छापील कागद ऐकून शंका आली. उद्या विमलाची मुलगी शाळेत जाईल, वाचायला शिकेल. तिच्या हातात हे पुस्तक पडले तर तिची आई कोणी मारली असे ती समजेल? यासाठी हा अर्ज आहे.

८. तरी विनंती की,

(अ) पान ९ वरील 'माता सुखरूप' हे शब्द काढून तेथे विमला गणपत तारी हिचे नाव, ती मेली हे, आणि ती कोठे मेली हे लिहावे. 'कुलूपबंद प्रसूतिगृहाच्या ओट्यावर' एवढे शब्द पुरेत. कोणाचे नाव घालावे असा बाईंचा आग्रह नाही.

(आ) दि. ३ ऑक्टोबरच्या जबाबावरील अंगठा बाईंचा आहे, शब्द त्यांचे नाहीत. तो जबाब रद्द व्हावा व साहेबांनी स्वतः त्यांचे म्हणणे ऐकावे. सुशीलाबाईंची साक्ष त्या आहेत तेथून मागवावी.

(इ) दत्तारामास कामावर घ्यावे. त्या दिवशी या शहरात लोकांच्या सोयीचे काम एवढ्या एकाच माणसाने केले.

९. मनाई उठवावी अशी मागणी यात नाही, हे साहेबांच्या लक्षात येईल. ती राहिली म्हणून नव्हे. आम्ही ती लिहिली असता बाईंनी खोडायला लावली. नोटीस मिळाल्यानंतर त्यांनी पहिले दोन महिने कोणाकडे पाऊल टाकले नाही. त्या काळात तरवाड्यात एक मूल गळ्याभोवती नाळ गुंडाळून गेले. त्याच्या आजीने येऊन बाईंच्या दारात शिव्या दिल्या, त्या बाईंनी ऐकून घेतल्या. त्यानंतर जो बोलवील त्याच्याकडे त्या जातात. गेल्या सहा महिन्यांत एकोणीस बाळंतपणे झाली, त्यांची नावे सोबत आहेत. हा मनाईचा भंग आहे. तो बाई कबूल करतात, व या खेपेस काय कबूल करतात ते त्यांना ठाऊक आहे.

साहेबांच्या निकालाची वाट पाहणारी,

राधाबाई भिकाजी चिंदरकर
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

हस्ते: गुरुदास वामन हडकर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, माडबंदर.
दि. १७ जून १९६३

सोबत: १) अहवालाची पाने ९ व १४. २) मनाईच्या नोटिशीची नक्कल. ३) कांदळवाडी येथील मृत्यूनोंदीचा उतारा. ४) एकोणीस बाळंतिणींची यादी.

ता. क. वरील मजकूर वाचून दाखवीत असता बाबू मयेकर यांच्या घरून बोलावणे आले व राधाबाई अंगठा न देताच उठून गेल्या. अंगठ्याशिवाय अर्ज दाखल होत नाही, म्हणून मी बसून राहिलो. दुपारी दोन वाजता त्या परत आल्या, हात धुतले व अंगठा दिला. मयेकरांच्या सुनेला मुलगा झाला, दोघे बरी आहेत. जन्माची नोंद करायला बाबू माझ्याकडे आला आहे. छापील फॉर्मात 'प्रसूती कोणी केली' असा रकाना आहे. तो कोरा सोडू काय, असे मी बाईंना विचारले, कारण तेथे नाव घातले की तो लेखी पुरावा होतो.

बाई म्हणाल्या, "माझा नाव लिवा, मास्तर. मोठ्या अक्षरात लिवा."

गु. वा. हडकर